हलकं हत्यार, जड हात : अमेरिकेच्या रानात जाणाऱ्या नवख्यांसाठी

टूथब्रशचा दांडा कापून वजन वाचवणाऱ्या जमातीतला मी. त्यामुळे अस्वलांच्या मुलखात आठवडाभर चालायचं ठरलं, तेव्हा साहजिकच सगळ्यांत हलकं रिव्हॉल्व्हर शोधायला लागलो आणि स्मिथ अँड वेसनच्या ३२९ पीडीपाशी येऊन थांबलो. .४४ मॅग्नम हे दणकट काडतूस, सहा गोळ्या, स्कँडियम मिश्रधातूची बॉडी, गोळ्या भरायचा टायटॅनियमचा फिरता सिलिंडर आणि वजन जेमतेम ७१० ग्रॅम. कागदावर याला तोड नाही. एका मित्राबरोबर त्याचं घेऊन नेमबाजीच्या रेंजवर गेलो. पहिली गोळी सुटली तेव्हा तळहातावर कुणी बॅट हाणल्यासारखं वाटलं. तिसऱ्या गोळीपासून चाप ओढायच्या आधीच माझे डोळे मिटायला लागले. सहा गोळ्या संपल्यावर सात मीटरवरच्या कागदावर छिद्रं मोजली. दोन होती.

सॅकमधून वाचवलेलं वजन मनगट सव्याज परत मागतं, हे त्या दिवशी कळलं. म्हणून खाली ज्या क्रमाने निर्णय घ्यायला सांगितलं आहे, त्यात बंदुकीचं मॉडेल बरंच उशिरा येतं. आधीच्या पायऱ्या गाळू नका. त्यांतल्या दोन-तीन पायऱ्यांवरच अनेकांना बंदुकीची गरज नाही असं लक्षात येईल, आणि तेही चांगलंच.

पायरी १ : आधी स्वतःचा व्हिसा पाहा

आपल्यातल्या बऱ्याच जणांचा प्रश्न इथेच संपतो. एच-१बी, एफ-१ किंवा पर्यटक अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर अमेरिकेत आलेल्या माणसाने बंदूक किंवा नुसती काडतुसं ताब्यात ठेवणं हा तिथल्या संघीय कायद्याने गुन्हा आहे. विकत घेणंच नव्हे, ताब्यात असणं. ‘बंदूक मित्राची आहे, मी फक्त सॅकमध्ये ठेवली होती’ हा बचाव होत नाही. एखाद्या राज्याने दिलेला शिकारीचा वैध परवाना असेल तर सूट मिळते, असा अपवाद कायद्यात आहे. पण त्याच्या आधारावर काहीही करण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाला पैसे देऊन विचारा. ट्रेकपायी व्हिसा गमावण्यात शहाणपण नाही.

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर संघीय कायदा आडवा येत नाही. परवानाधारक दुकानातून रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल घ्यायला वय २१ पूर्ण लागतं, रायफल किंवा शॉटगनला १८. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो, पार्श्वभूमीची तपासणी होते, आणि पिस्तूल आपण राहतो त्या राज्यातच हातात मिळतं. म्हणजे अलास्काला उतरून तिथल्या दुकानातून रिव्हॉल्व्हर उचलू, हा बेत बाहेरच्या राज्यातल्या माणसाला जमत नाही.

पायरी २ : भीती नक्की कशाची, ते ठरवा

‘जंगली जनावरं’ हे उत्तर चालणार नाही. कोणत्या जंगलातलं कोणतं जनावर, ते सांगा.

अपालाचियन ट्रेल या पूर्वेकडच्या लांब पायवाटेवर, कॅलिफोर्नियात किंवा कोलोरॅडोत भेटणार ते काळं अस्वल. ते बहुतेक वेळा माणसाची चाहूल लागताच पळतं, आणि त्याचा खरा डोळा आपल्या खाण्यावर असतो. अपालाचियन ट्रेलची देखभाल करणारी संस्थादेखील बंदूक न आणण्याचाच सल्ला देते. ग्रिझली म्हणजे तपकिरी अस्वल हा वेगळा प्रकार: अलास्का, यलोस्टोनचा परिसर, मोंटानातलं ग्लेशियर नॅशनल पार्क आणि आसपासचा उत्तरेकडचा डोंगराळ मुलूख. पिलांवर किंवा मारलेल्या शिकारीवर असलेली मादी अचानक समोर आली, तर ती धोका संपवण्यासाठी धावून येते. पश्चिमेत माउंटन लायन म्हणजे प्यूमाही आहे, पण तो दिसणंच दुर्मीळ. दिसलाच तर पाठ फिरवून पळायचं नाही, मोठं दिसायचं, ओरडायचं आणि अंगावर आला तर झुंजायचं.

आणि माणसं? ट्रेलवर दोन पायांच्या जनावराची भीती वाटते म्हणून बंदूक घेणारे बरेच असतात. त्यांना एवढंच सांगेन, की ट्रेल जिथे रस्त्याला मिळतो त्या पार्किंगच्या जागी सावध राहा, आणि वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला आपण आज कुठे तंबू ठोकणार हे सांगू नका. याला वजन लागत नाही.

रानात माणसं मरतात ती मुख्यतः नदी ओलांडताना वाहून जाऊन, कड्यावरून पडून आणि थंडीने गारठून. बंदुकीच्या ८०० ग्रॅममध्ये एक चांगलं उबदार जाकीट आणि सॅटेलाइटवरून मदत मागणारं यंत्र, दोन्ही बसतात. ते दोन्ही आधी सॅकमध्ये गेलं आहे ना, ते पाहा.

पायरी ३ : स्प्रे आधी, बंदूक नंतर

अस्वलासाठीचा मिरचीचा स्प्रे म्हणजे माणसांवर मारायच्या पेपर स्प्रेचा मोठा भाऊ, असं समजू नका. तो वेगळा. अमेरिकेत नोंदणी झालेल्या बेअर स्प्रेमध्ये कॅप्सेसिन आणि त्याच्या भाईबंद रसायनांचं प्रमाण १ ते २ टक्के असतं, आत किमान २२५ ग्रॅम द्रव असतो, आणि तो किमान २५ फूट लांब आणि सहा सेकंद फवारला जातो. भरलेला लहान डबा साधारण ३०० ते ३५० ग्रॅमचा. म्हणजे हलकेपणाच्या स्पर्धेत तो कुठल्याही कामाच्या बंदुकीला पहिल्याच फेरीत हरवतो.

टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो हे अस्वलांचे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्कातल्या नोंदी तपासून दोन अभ्यास केले. २००८ च्या अभ्यासात १९८५ ते २००६ मधल्या स्प्रेच्या घटना होत्या. त्यांत तपकिरी अस्वलांच्या बाबतीत ९२ टक्के आणि काळ्यांच्या बाबतीत ९० टक्के वेळा स्प्रेने अस्वलाचं नको ते वागणं थांबलं, आणि स्प्रे बाळगणाऱ्या माणसांपैकी ९८ टक्के सहीसलामत राहिली. २०१२ च्या अभ्यासात बंदुकीच्या २६९ घटना होत्या, थेट १८८३ पासूनच्या. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर ८४ टक्के वेळा यशस्वी, लांब बंदुका ७६ टक्के. आणखी एक गोष्ट त्यात निघाली: हाती असलेली बंदूक ज्यांनी झाडली आणि ज्यांनी झाडली नाही, त्यांच्या जखमी होण्याच्या प्रमाणात फारसा फरक नव्हता.

हे आकडे समोरासमोर ठेवून भांडणारे खूप आहेत. तसं करू नये. स्प्रेच्या घटनांत नुसती चौकशी करायला आलेली अस्वलंही आहेत, आणि बंदुकीच्या घटनांत कडेलोटाच्या क्षणी झाडलेल्या गोळ्या जास्त. पण एक अर्थ निघतोच. अस्वल ताशी ५० किलोमीटरहून जास्त वेगाने धावतं, म्हणजे ३० मीटर अंतर दोन सेकंदांत कापतं. त्या दोन सेकंदांत हलत्या डोक्यावर गोळी मारण्यापेक्षा समोर लाल धुक्याची भिंत उभी करणं नवख्या हाताला सोपं जातं. स्प्रे नीट बसला नाही तरी अस्वल जखमी होत नाही. गोळी चुकीच्या जागी लागली तर आता समोर जखमी अस्वल असतं.

स्प्रेच्या उणिवाही आहेत. वारा तोंडावर असेल तर तो आपल्याच डोळ्यांत येतो, कडाक्याच्या थंडीत त्याचा दाब कमी होतो, आणि डब्यावर मुदत छापलेली असते ती पाळावी लागते. शिवाय कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी पार्कात तो नेण्यावर चक्क बंदी आहे.

पायरी ४ : आता बंदूक

इतकं वाचूनही बंदूक हवीच असेल, तर मुलखानुसार माझा कल असा.

फक्त काळी अस्वलं आणि माणसांची भीती असलेल्या भागात .३५७ मॅग्नमचं छोटं रिव्हॉल्व्हर किंवा ९ मिमीचं मध्यम पिस्तूल पुरे. रुगरचं एलसीआर .३५७ मध्ये सुमारे ४८५ ग्रॅमचं आहे, पाच गोळ्यांचं. ग्लॉक १९ हे पंधरा गोळ्यांसकट सुमारे ८५० ग्रॅम. ९ मिमीला अस्वलांच्या गप्पांत हसतात, पण अलास्कातल्या एका मुरलेल्या गाइडने २०१६ मध्ये आपल्या पाहुण्यांना वाचवताना ९ मिमीनेच तपकिरी अस्वल पाडलं होतं. तो जन्मभर अस्वलांमध्ये वावरलेला माणूस होता, आणि गोळ्याही त्याने मुद्दाम निवडलेल्या होत्या. आपण ते उदाहरण स्वतःला लावून घेऊ नये.

ग्रिझलीच्या मुलखात खरी निवड दोघांत होते: .४४ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर की १० मिमीचं पिस्तूल. .४४ मॅग्नम १९५५ पासून या कामाचं मानाचं काडतूस आहे आणि एका गोळीची ताकद पाहिली तर तेच पुढे. १० मिमी १९८३ मध्ये आलं. त्याचं सर्वांत प्रसिद्ध पिस्तूल ग्लॉक २०, पंधरा गोळ्या भरून सुमारे १.१४ किलो. ग्रीनलंडच्या बर्फात कुत्र्यांच्या गाड्यांवरून गस्त घालणारं डेन्मार्कचं सिरियस पथक ध्रुवीय अस्वलांसाठी हेच बाळगतं.

दोन्हींच्या खोडी वेगळ्या. रिव्हॉल्व्हर जनावराच्या अंगाला टेकवूनही झाडता येतं. पिस्तुलाचं तोंड असं दाबलं गेलं तर वरची स्लाइड मागे सरकते आणि चाप ओढून काही होत नाही. अस्वल अंगावर असताना हा फरक मोठा. उलट पिस्तूल सपाट असतं, छातीवर टोचत नाही, गोळ्या दुपटीहून जास्त, आणि धक्का हाताला सोसवतो. नवख्याला मी १० मिमी सांगतो. रिव्हॉल्व्हरवर हात बसलेल्याने ते सोडू नये.

आता वजनाचं. इथेच घोडं पेंड खातं. एकच काडतूस अर्ध्या वजनाच्या बंदुकीतून झाडलं, तर मागे येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा साधारण दुप्पट होते. हे पदार्थविज्ञान आहे, कुठल्याही कंपनीला त्यातून सुटका नाही. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये आणखी एक गंमत घडते, जी दुकानदार सहसा सांगत नाही. झटका इतका जोराचा असतो, की सिलिंडरमध्ये अजून न झाडलेल्या काडतुसांतल्या गोळ्या आपल्या खोबणीतून पुढे सरकतात. एखाद्या गोळीचं नाक सिलिंडरच्या बाहेर आलं, की सिलिंडर फिरायचाच थांबतो. हातात मग ७१० ग्रॅमचा दगड. म्हणून हलकं रिव्हॉल्व्हर घेतलंच, तर सिलिंडरमध्ये एक काडतूस राखून बाकीची झाडा, मग ते राखलेलं काढून त्याची लांबी नव्या काडतुसाशी ताडून पाहा. वाढली असेल तर तो ब्रँड सोडा. टायटॅनियमच्या सिलिंडरला खरखरीत घासणीही लावू नका, वरचा थर निघतो.

लांब बंदूक? १२ बोअरची पंप शॉटगन एकगोळी काडतुसांसह किंवा .४५-७० ची लिव्हर रायफल ताकदीत कुठल्याही पिस्तुलाच्या कितीतरी पुढे आहे. पण तीन किलोच्या वर वजन आणि दोन्ही हात गुंतलेले. एका जागी तळ ठोकून राहणाऱ्यांनी ती जरूर न्यावी. चालणारा माणूस ती दुसऱ्या दिवशी सॅकला बांधतो, आणि सॅकला बांधलेली बंदूक म्हणजे काखेत कळसा.

पायरी ५ : गोळी

माणसांपासून बचावासाठी विकली जाणारी पोकळ टोकाची गोळी शरीरात फुलते आणि थांबते. अस्वलाच्या जाड चरबीत, स्नायूंत आणि हाडांत ती फुलून आधीच थांबते. तिथे हवी न फुलणारी, खोल जाणारी, सपाट नाकाची कठीण गोळी. रिव्हॉल्व्हरमध्ये कठीण ओतीव शिशाची चालते. ग्लॉकचं मॅन्युअल मात्र जॅकेट (धातूचं आवरण) नसलेल्या शिशाच्या गोळ्यांना मना करतं, म्हणून त्यात पूर्ण जॅकेटची सपाट नाकाची किंवा एकसंध तांब्याची गोळी पाहा. निवडलेल्या काडतुसांचे किमान दोन-तीन डबे आपल्याच बंदुकीतून झाडून पाहिल्याशिवाय ती रानात नेऊ नका. महाग पडतं, पण अडकणारं काडतूस रेंजवरच कळलेलं बरं.

पायरी ६ : टांगायचं कुठे

छातीवर. याला दुसरं उत्तर मला माहीत नाही. कमरेला सॅकचा पट्टा असतो, खिशात चाप उघडा राहतो, आणि सॅकच्या वरच्या कप्प्यातली बंदूक म्हणजे घरी राहिलेली बंदूक. छातीवरचं होल्स्टर कमरपट्ट्याच्या वर आणि छातीच्या पट्टीच्या खाली बसतं, सॅक काढली तरी अंगावरच राहतं, आणि नदी ओलांडताना सॅक सोडून द्यायची वेळ आली तरी सोबत असतं. होल्स्टर कडक हवं, चाप पूर्ण झाकणारं. स्प्रे दुसऱ्या हाताच्या बाजूला, सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर किंवा कमरपट्ट्यावर. दोन्हींच्या जागा एकदा ठरल्या की बदलायच्या नाहीत.

रात्री बंदूक होल्स्टरसकट उशाशी, रोज त्याच कोपऱ्यात, आणि हेडलॅम्प तिच्याही आधी हाताला लागेल असा. तंबूबाहेर मध्यरात्री होणारी खसखस दहापैकी नऊ वेळा लघवीला उठलेल्या सोबत्याची असते. उजेडात काय आहे ते दिसल्याशिवाय होल्स्टरला हात नाही, हा नियम सगळ्या तुकडीत बोलून ठरवा.

पायरी ७ : सराव

सुरक्षेचा प्राथमिक वर्ग कुठल्याही रेंजवर मिळतो, तो करा. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची, जे उडवायचं नाही त्यावर नळी रोखायची नाही, नेम धरेपर्यंत बोट चापावर नाही, आणि लक्ष्यामागे काय आहे ते माहीत हवं. मग आपला सराव. सॅक पाठीवर, हातात चालायच्या काठ्या. काठ्या टाकायच्या, होल्स्टरमधून काढायचं, सात मीटरवरच्या जेवणाच्या ताटाएवढ्या लक्ष्यावर पाच गोळ्या, पाच सेकंदांत. हातमोजे घालून एकदा, थंड पडलेल्या हाताने एकदा. पाचपैकी चार ताटात बसत नसतील, तर एक पायरी खालचं काडतूस घ्या. मी .४४ वरून १० मिमीवर आलो तो असाच. मान्य करायला महिना लागला.

स्प्रेचाही सराव होतो. मिरची नसलेले सरावाचे डबे मिळतात. पिन काढून, थोडं खाली धरून, अस्वल नऊ-दहा मीटरवर असताना फवारायला सुरुवात करायची असते. ते अंतर किती जवळ आहे, हे एकदा जमिनीवर मोजून पाहाच.

पायरी ८ : राज्य, पार्क, विमान

२२ फेब्रुवारी २०१० पासून अमेरिकेच्या नॅशनल पार्कमध्ये त्या राज्याच्या कायद्यानुसार बंदूक बाळगता येते. पण व्हिजिटर सेंटर, रेंजर स्टेशन अशा सरकारी इमारतींत नाही, आणि बाळगता येते म्हणजे झाडता येते असंही नाही. ज्या राज्यांतून गाडी जाणार त्या प्रत्येकाचा कायदा वेगळा. अलास्कात २१ वर्षांवरच्या माणसाला लपवून बाळगायलाही परवाना लागत नाही, तर कॅलिफोर्निया दुसऱ्या राज्याचा परवाना मानतच नाही. गाडीने कॅनडातून अलास्काला जाणार असाल, तर पिस्तुलाचा विचार सोडूनच द्या.

विमानात बंदूक फक्त चेक-इनच्या सामानात: रिकामी, कुलूपबंद कडक पेटीत, काउंटरवर स्वतःहून सांगून. बेअर स्प्रे कुठल्याच सामानात चालत नाही, तो उतरल्यावर विकत घ्यायचा. छोट्या विमानाने आत जाणार असाल तर पायलटला स्प्रेबद्दल आधी सांगा. केबिनमध्ये डबा फुटला तर विमान कोण चालवणार?

आणि झाडावीच लागली तर

अलास्काबाहेरच्या सलग ४८ राज्यांत ग्रिझली १९७५ पासून संरक्षित आहे. जीव वाचवण्यासाठीच ती मारता येते, आणि पाच दिवसांच्या आत कळवावं लागतं. अलास्कात तर काम आणखी वाढतं. लगेच राज्याच्या वन्यजीव खात्याला कळवायचं, पंधरा दिवसांत लेखी अहवाल द्यायचा, आणि मेलेल्या अस्वलाचं नख्यांसकट कातडं व कवटी आपणच सोलून काढून सरकारजमा करायची. मोठ्या अस्वलाचं ओलं कातडं पाठीवर घेतल्यावर वाचवलेले ग्रॅम आठवतील. अन्न उघडं ठेवल्यामुळे अस्वल आलं असेल, तर स्वसंरक्षणाची सवलतही मिळत नाही. म्हणून सामानाच्या यादीत बंदुकीच्या वरच्या ओळीत सव्वा किलोचा तो बोजड, गोल, सॅकमध्ये कुठेच नीट न बसणारा, अस्वलाला न उघडणारा अन्नाचा डबा लिहा. अलास्कातल्या डेनाली पार्कात आणि योसेमिटीत तो बहुतेक ठिकाणी सक्तीचाच आहे.